जुन्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर

बेंगळुरूत टाउन हॉलजवळच्या सदर पत्रप्पा रोडला सगळे गाव एस. पी. रोड म्हणूनच ओळखते. संगणकाचा कोणताही सुटा भाग मिळायचे हे ठिकाण. मदरबोर्ड, एसएमपीएस, रॅमच्या पट्ट्या, जुने मॉनिटर आणि खोक्यांत एकावर एक रचलेली वापरलेली ग्राफिक्स कार्डे. त्यांतली कितीतरी दहा-बारा वर्षांपूर्वीची असतात आणि त्यांनाही गिऱ्हाईक असते. कुणाला मुलीच्या अभ्यासासाठी घरातला जुना डेस्कटॉप चालता करायचा असतो, कुणाच्या दुकानाचे बिलिंग त्यावर चालू असते, कुणा निवृत्त गृहस्थांना मोठ्या पडद्यावर निवांत लिहीत बसायचे असते.

याच शहरात इंटेल, एएमडी आणि एन्व्हिडिया या तिन्ही कंपन्यांची मोठी केंद्रे आहेत. इंटेलचा सहा गाभ्यांचा झिऑन ७४०० हा प्रोसेसर इथल्या अभियंत्यांनी घडवला आणि तो २००८ मध्ये बाजारात आला. २०२३ च्या नोव्हेंबरात एएमडीने आपले जगातले सर्वांत मोठे डिझाइन केंद्र इथेच उघडले. ग्राफिक्स चिपचा जन्म आणि तिचा उत्तरकाळ, दोन्ही एकाच शहरात पाहायला मिळावेत अशी गावे जगात फार नाहीत. अडचण या दोहोंच्या मधल्या काळात येते. चिप धडधाकट असते, पण तिला चालवणारे सॉफ्टवेअर कंपनीने कधीच थांबवलेले असते. जुन्या डेस्कटॉपवरच्या ग्राफिक्सच्या तक्रारी घेऊन बसले की बहुतेक वेळा गाडी इथेच येऊन थांबते.

ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. खिडकी सरकवा, व्हिडिओ लावा, अक्षर मोठे करा, असे विंडोज तिच्या ठरावीक पद्धतीने सांगते; ते त्या विशिष्ट चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलण्याचे काम ड्रायव्हरचे. चिपची प्रत्येक पिढी आतून वेगळी, म्हणून प्रत्येक पिढीला वेगळी आज्ञावली लागते. शिवाय विंडोजही बदलत राहते. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची सगळी रचनाच मायक्रोसॉफ्टने बदलली आणि कंपन्यांची त्रेधा उडाली. व्हिस्टासंबंधी अमेरिकेत पुढे जो खटला चालला, त्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार २००७ मधल्या एका काळात नोंदवल्या गेलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते. बड्या कंपनीला, नवीकोरी कार्डे हाताशी असताना हे काम इतके जड गेले. मग जुन्या कार्डांसाठी ते वर्षानुवर्षे करत राहणे कंपन्यांना नको वाटते यात नवल नाही. म्हणून त्या एक तारीख ठरवतात, त्या पिढीसाठी शेवटचा ड्रायव्हर काढतात आणि पुढे सरकतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही की जुन्या कार्डासाठी सर्वांत नवा ड्रायव्हर शोधू नका. त्याच्या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर शोधा. ज्यांचा वेळ वाया जातो, त्यांतल्या बहुतेकांचा इथेच जातो. कंपनीच्या संकेतस्थळावर गेले, वर दिसली ती फाइल उतरवली, चालवली, आणि ‘तुमच्या यंत्राशी जुळणारे हार्डवेअर सापडले नाही’ अशा अर्थाचा निरोप आला. मग हेच नाव लावणारी कुठलीतरी तिसऱ्याच ठिकाणची फाइल शोधायची, आणि ड्रायव्हरऐवजी जाहिरातींचा कचरा घरात घ्यायचा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या कार्यक्रमांपासून तर चार हात लांबच राहावे.

नेमका ड्रायव्हर शोधायचा तर आधी चिप ओळखायला हवी, आणि खोक्यावरचे नाव इथे दगा देऊ शकते. जिफोर्स जीटी ७३० हे त्याचे उत्तम उदाहरण. भारतात हे कार्ड प्रचंड खपले, आजही एस. पी. रोडवर सहज मिळते. पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. काही कार्डांवर फर्मी पिढीची चिप आहे, काहींवर त्यानंतरची केप्लर. फर्मीसाठी एन्व्हिडियाने नियमित ड्रायव्हर २०१८ च्या एप्रिलमध्ये थांबवले, ३९१.३५ हा त्या पिढीसाठी ओळखीचा शेवटचा ड्रायव्हर. केप्लरचे नियमित ड्रायव्हर २०२१ पर्यंत आले आणि सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या २०२४ पर्यंत, त्या ४७० च्या घरातल्या क्रमांकांच्या. म्हणजे शेजाऱ्याच्या जीटी ७३० वर चाललेला ड्रायव्हर तुमच्या जीटी ७३० वर बसेलच असे नाही, आणि दोघांचीही काही चूक नसेल.

यावर खात्रीचा उपाय एकच. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडॅप्टर्समध्ये जे नाव असेल त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे डिटेल्स या पानावर हार्डवेअर आयडीज निवडा. रोमन अक्षरे आणि आकडे यांची एक लांब ओळ दिसेल. तिच्यातला पहिला चार जागांचा संकेत कंपनीचा: १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी किंवा तिने २००६ मध्ये विकत घेतलेली एटीआय, आणि ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा संकेत चिपचा. जीटी ७३० पुढे १२८७ दिसले तर ती केप्लर, ०एफ०२ दिसले तर फर्मी. विंडोजला कार्डाचे नाव कळले नसले तरी ही ओळ बहुधा तिथे असते, कारण ती कार्ड स्वतः सांगते. ती कागदावर उतरवून ठेवा. पुढचा सगळा शोध तिच्यावरच करायचा आहे.

एएमडीच्या घरातला हिशेब असा. रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकेतली बहुतेक कार्डे २०१५ च्या अखेरीस जुन्या यादीत गेली. एचडी ७००० पासून आर९ फ्यूरीपर्यंतची २०२१ च्या जूनमध्ये. एन्व्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयपासून लाडक्या १०५० टीआय आणि १०६० पर्यंतच्या कार्डांचे, नियमित ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत निघाले. यापुढे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, असे कंपनीने जाहीर केले आहे. काल-परवापर्यंत जी कार्डे ‘चालू’ समजली जात होती, तीही आता या रांगेत आली आहेत.

वेगळे कार्ड नसलेल्या डेस्कटॉपांची गोष्ट निराळी, आणि आपल्याकडे तेच जास्त. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि जी४१ चिपसेटचा बोर्ड ही जोडी भारतात कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत बसली. तिच्यातल्या ऑनबोर्ड ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज ७ च्या काळानंतर नवे काही काढले नाही. २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांमधल्या एचडी २००० आणि ३००० ग्राफिक्सलाही विंडोज १० साठी इंटेलचा अधिकृत ड्रायव्हर नाही. तरी ही यंत्रे विंडोज १० वर चालतात, कारण मायक्रोसॉफ्टनेच जुने ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवले. अशा यंत्रावर इंटेलच्या संकेतस्थळावर शोधत बसण्यापेक्षा नेट जोडून, विंडोज अपडेट चालवून तासभर थांबणे जास्त शहाणपणाचे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे नाव दिसत असेल, अक्षरे ताणलेली आणि पडदा ढोबळ दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर अजून बसलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. हार्डवेअर बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. नवा संगणक घ्यायला निघालेल्या कितीजणांना एवढी एक गोष्ट कुणी सांगितली असती तर त्यांचे पैसे वाचले असते.

ड्रायव्हर बसवतानाही एक शिस्त पाळावी लागते. जुन्याचे अवशेष राहिले की नवा नीट बसत नाही, विशेषतः एन्व्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे लावले असेल तर. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचे मोफत साधन आहे, लोक त्याला डीडीयू म्हणतात. आधी योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवायचा. मग नेटची वायर काढायची. हे विसरू नका, कारण जुना ड्रायव्हर पुसल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर गुपचूप आणून बसवते. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे, उतरवलेला ड्रायव्हर बसवायचा आणि सगळे स्थिर झाल्यावरच नेट जोडायचे. कालपर्यंत ठीक चाललेले यंत्र आज अपडेटनंतर बिघडले असेल तर एवढेही करायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आधी दाबून पाहा. आणि काम करताना पडदा अचानक काळा झाला, पण आवाज चालू असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर जागेवरच पुन्हा सुरू होतो आणि सेव्ह न केलेले लिखाण वाचते.

विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांना एक वेगळाच काटा टोचतो. ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने या सहीची जुनी पद्धत सोडून नवी धरली, आणि ती ओळखण्यासाठी विंडोज ७ ला एक अपडेट घ्यावा लागला. तो न घेतलेल्या यंत्रावर अगदी बरोबर निवडलेला ड्रायव्हरही कोड ५२ दाखवून अडतो. दुसरे कारण त्याहून साधे. मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी संपली की यंत्र दरवेळी जुनीच तारीख धरून उठते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, विंडोज अपडेट चालत नाही, आणि दोष ड्रायव्हरवर येतो. सीआर२०३२ नावाची ही बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. जुन्या यंत्रावर काहीही करण्यापूर्वी कोपऱ्यातली तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता ती ओळखीची तक्रार: ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो पूर्ववत झाला आहे.’ हे नेमके काय असते? कार्डाला दिलेले काम ठरलेल्या वेळेत झाले नाही तर विंडोज ते अडकले असे समजून कार्डाला पुन्हा सुरू करते. ही वेळ मुळात दोन सेकंदांची आहे. एका मिनिटात असे पाचाहून जास्त वेळा झाले की विंडोज हात टेकते आणि निळा पडदा येतो. त्यावर एन्व्हिडिया असेल तर त्या कंपनीच्या, एएमडी असेल तर त्या कंपनीच्या ड्रायव्हर फाइलचे नाव असते. फाइलचे नाव ड्रायव्हरचे म्हणून गुन्हा ड्रायव्हरचाच, असा निष्कर्ष लोक काढतात आणि ड्रायव्हर बदलत बसतात. रजिस्ट्रीत जाऊन दोन सेकंदांचे दहा करा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. कार्ड उशीर का करते आहे हे त्याने कळत नाही; अडकलेला पडदा जास्त वेळ अडकून राहतो एवढेच.

उशिराचे कारण पुष्कळदा उष्णता असते. बेंगळुरूची हवा आल्हाददायक असली तरी बांधकामांची धूळ या शहरात कमी नाही, आणि पाच-सात वर्षे न उघडलेल्या डब्यात कार्डाच्या पंख्याखाली तिचा नमदा साचतो. चिप आणि तिच्यावरचे धातूचे पंखे यांच्यातली पेस्ट सुकून भुकटी झालेली असते. दुसरे कारण अपुरी वीज. मदरबोर्डवर कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची भूक वेगळ्या वायरीने भागवावी लागते, सहा पिनांची आणखी ७५ तर आठ पिनांची १५० वॉट देते. स्वस्तातला जुना एसएमपीएस लेबलवर कितीही वॉट छापून असला तरी जोर पडला की त्याचा दाब ढासळतो, आणि कार्ड बरोबर त्याच क्षणी अडकते. म्हणून ओळखायची खूण अशी: बिघाड फक्त गेम किंवा व्हिडिओ चालू असताना, यंत्र तापल्यावर येत असेल, तर आधी झाडू, पेस्ट आणि एसएमपीएस. सुरू केल्या केल्या, थंड यंत्रावर येत असेल तर ड्रायव्हरकडे वळा. अजिबातच डिस्प्ले येत नसेल तर कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलक्या हाताने फिरवून परत घट्ट बसवा, आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टला नव्हे, कार्डाच्याच पोर्टला लावली आहे ना हे पाहा. ही शेवटची चूक फार माणसांकडून होते. पास्कल पिढीपासून पुढच्या कार्डांतून जुन्या मॉनिटरला लागणारा व्हीजीए संकेत निघतच नाही. तिथे नुसता स्वस्त जोड पुरत नाही, संकेत बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची रचना बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते खणण्याचा धंदा एका दिवसात बसला. त्यानंतर आरएक्स ५८० सारखी हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. खणणाऱ्यांनी कार्डाच्या आतला बायॉसच, म्हणजे कार्डात साठवलेले मूळ सॉफ्टवेअर, पुष्कळदा बदललेला असतो, आणि एएमडीचा ड्रायव्हर अशा बायॉसला ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड ४३ येतो. तिथे कितीही ड्रायव्हर बदला, उपयोग नाही. मूळ बायॉस परत घालावा लागतो, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. दुसरी गोष्ट निव्वळ फसवणुकीची: जुन्या जीटीएक्स ५५० टीआयसारख्या कार्डात खोटा बायॉस घालून त्याला १०५० टीआय म्हणून विकणे. जीपीयू-झेड हे मोफत साधन अशी तोतया कार्डे पकडते. दुकानातच कार्ड लावून, ते उघडून दाखवायला सांगावे. प्रामाणिक दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही.

आणि काही तक्रारींवर ड्रायव्हर हा उपायच नसतो. यूट्यूब आज व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवते. केप्लर पिढीच्या चिपला त्यांतली एकही उलगडता येत नाही. तिच्या काळात एच.२६४ चे राज्य होते. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, तो शंभर टक्क्यांवर जातो आणि चित्र अडखळते. चिपमध्ये जे मुळात कोरलेलेच नाही ते कोणताही ड्रायव्हर देऊ शकत नाही. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारे एच२६४आयफाय हे छोटे जोडकाम लावले की जुने यंत्र पुन्हा सुरळीत व्हिडिओ दाखवते. पडद्यावर हिरवे पट्टे किंवा लुकलुक फक्त ब्राउझरमध्येच दिसत असेल, तर त्याच्या सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ही यंत्रे स्वीकारत नाही. तेव्हा लिनक्सचा विचार आता गंभीरपणे करायला हवा, आणि जुन्या ग्राफिक्सच्या बाबतीत तिथे कंपन्यांचा इतिहास थेट जाणवतो. एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करायचे ठरवले. त्याचे फळ असे की विंडोजवर कधीच निकाली निघालेली एचडी ५००० आणि ६००० कार्डे लिनक्सवर आजही, वेगळे काही न बसवता, चालतात. इंटेलचे ऑनबोर्डही तसेच. एन्व्हिडियाने तसे केले नाही; म्हणून उत्साही लोकांनी तिच्या चिपचा बाहेरून अभ्यास करून नूवो हा मुक्त ड्रायव्हर लिहिला, जो २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. एन्व्हिडियाने आपला गाभ्यातला ड्रायव्हर २०२२ च्या मे महिन्यात खुला केला, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांपुरताच. नूवोवर गेमचा वेग फारसा मिळत नाही, लिहिणे-वाचणे आणि हिशेब मात्र आरामात होतात. लिनक्स बसवताना पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय द्यावा; साध्या पडद्यावर तरी आत जाता येते. जुन्या डेस्कटॉपसाठी वापरलेले कार्ड घ्यायचेच असेल आणि पुढे लिनक्स वापरायचा बेत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: एएमडीचे घ्या.

शेवटी वाचकांना एक विनंती. २०१९ च्या नोव्हेंबरात इंटेलने आपल्या कितीतरी जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायॉस संकेतस्थळावरून काढून टाकले. उद्या दुसरी कंपनी तेच करील. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या हक्काच्या या चर्चेत सुट्या भागांइतकीच ड्रायव्हरची मागणीही ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे: वस्तू विकणे थांबवल्यावरही तिचे शेवटचे सॉफ्टवेअर उपलब्ध ठेवण्याची सक्ती हवी. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमचे जुने यंत्र चांगले चालत असतानाच त्याचा हार्डवेअर आयडी, त्याच्या ग्राफिक्सचा शेवटचा ड्रायव्हर आणि बोर्डाचा बायॉस एका पेन ड्राइव्हवर उतरवा, वर यंत्राचे नाव आणि तारीख लिहा आणि तो डब्यातच चिकटवून ठेवा. पुढे दुरुस्तीला बसणाऱ्याचा निम्मा दिवस वाचेल. आणि कार्ड खरोखरच मेले असेल तर भंगारवाल्याला देऊ नका; बेंगळुरूजवळ डाबसपेटला २००५ पासून ई-परिसरा हे अधिकृत ई-कचरा केंद्र आहे, आणि आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही अशी नोंदणीकृत केंद्रे आहेत.